नाव दुकानाचे, घडण कारखान्याची: जुने सेंटरपिन रीळ कसे ओळखावे

प्रश्न थोडक्यात असा. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत गळाची दोन जुनी रिळे सापडली. एक अक्रोडासारख्या लाकडाचे. त्याच्या पाठीवर पितळेची चार हातांची पट्टी, शिंगाच्या दोन मुठी, नाव कुठेच नाही. दुसरे राखाडी धातूचे, साधारण 4 इंची, पाठीवर ‘ए. अँड एन. सी.एस.एल.’ अशी पुसट इंग्रजी अक्षरे आणि त्याखाली सहा आकडी पेटंट क्रमांक. जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने दोन्ही ‘हार्डी कंपनीची, 1890 ची’ असे सांगून लगेच पैसे पुढे केले. ती खरोखर कोणाची, केव्हाची, घासून चकचकीत करावीत का, आणि इंग्लंडमधल्या संग्राहकाला पाठवता येतील का?

आधी शेवटून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: घासू नका. पीतांबरी नको, चिंच नको, लिंबू नको, ब्रासोही नको. कारखान्यात पितळेवर चढवलेला तपकिरी मुलामा आणि अॅल्युमिनियमवरचा शिशासारखा करडा थर हा घाण नसून मूळ रंग असतो. तो एकदा गेला की परत येत नाही आणि त्याच्याबरोबर पुसट शिक्क्यांच्या कडाही जातात. चकचकीत रीळ शोकेसमध्ये छान दिसते, पण जाणता माणूस ते हातात घेतो आणि न बोलता खाली ठेवतो.

आता व्यापाऱ्याचे. ‘हार्डी, 1890’ हे आपल्याकडच्या जुन्या बाजाराचे ठरलेले उत्तर आहे. इंग्रजी रीळ दिसले की ते हार्डीचे आणि साल जितके जुने सांगता येईल तितके. तुमच्या दोन्ही रिळांबाबत हे उत्तर टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे पाहता पाहताच ओळखायची रीत कळेल.

या विषयात नवख्याला सर्वात जास्त चकवतो तो शिक्का. त्या काळी इंग्लंडमधली बहुतेक नावे विकणाऱ्यांची होती. लंडनची मोठी दुकाने, स्कॉटलंडमधले गावोगावचे बंदूकवाले, लष्करी अधिकाऱ्यांची सहकारी भांडारे, हे सगळे तयार माल घेत आणि त्यावर आपले नाव ठोकून घेत. प्रत्यक्ष रिळे बनत ती मोजक्या ठिकाणी: सुया आणि गळ बनवणाऱ्या रेडिचमध्ये, नॉर्थंबरलंडमधल्या अॅनिकमध्ये, आणि लाकडी असतील तर नॉटिंगहॅम परिसरातल्या कातारींकडे. म्हणून शिक्का वाचून ‘कोणी विकले’ ते कळते. ‘कोणी बनवले’ हे कळायला रीळ उघडावे लागते.

सेंटरपिन म्हणजे मधल्या एका पिनेवर फिरणारा, दोरी गुंडाळायचा ड्रम. मूठ एकदा फिरवली की ड्रम एकदा फिरतो, मध्ये दातेरी चाकांची साखळी नाही. फ्लाय रीळही तसेच दिसते, पण त्याचा ‘टर्रर्र’ करणारा चेक, म्हणजे ड्रमला आपोआप फिरू न देणारा अडसर, सहसा कायम लागलेला असतो. सेंटरपिनचा चेक बटण सरकवून काढता येतो आणि मग ड्रम मोकळा धावतो. वाहत्या पाण्यात फ्लोट पुढे जाताना त्याने स्वतःच्या ओढीने दोरी काढून न्यावी, हा सगळा खटाटोप त्यासाठी. ऑस्ट्रेलियाची अल्वे किंवा 1884 चे पेटंट असलेली स्कॉटलंडमधली मॅलॉकची रिळे फेकताना आडवी वळतात. तुमच्या रिळाची बैठक, म्हणजे काठीवर बसवायचा पाय, वळत नसेल तर तो फाटा इथेच सोडून द्या.

लाकडी रीळ हे सरळ नॉटिंगहॅम घराण्यातले. ट्रेंट नदीवर फ्लोट लांबवर सोडून मासे धरणाऱ्यांनी ही घडण रुजवली. बहुधा अक्रोड, कधी महोगनी. लाकडाची खोड सगळ्यांना माहीत आहे: ओले झाले की फुगते, वाकते, आणि ड्रम पाठीला घासून अडतो. त्यावर उपाय म्हणून पाठीवर पितळेची फुली बसवू लागले. तुमची ‘चार हातांची पट्टी’ ती हीच, इंग्रजीत या रिळांना स्टारबॅक म्हणतात. तिच्यातलाच एक हात लांबवून बैठकीला जोडलेला असतो, त्यामुळे काठीचा ताण लाकडावर न येता पितळेवर येतो.

ड्रम पिनेवर कसा अडकवला आहे ते आता पाहा. मधोमध पिळाची चकती असेल तर ती साधी, जुन्या वळणाची रचना. पण ड्रमच्या तोंडावर सरकणारी किंवा दाबायची छोटी कडी असेल आणि ती हलवताच ड्रम अलगद निघत असेल, तर ती नेवार्कच्या डेव्हिड स्लेटरची युक्ती, 1883 च्या पेटंटमधली. म्हणजे रीळ 1883 च्या आधीचे नाही. किती नंतरचे, ते मात्र यावरून ठरत नाही, कारण पेटंटची मुदत संपल्यावर ती कडी सगळ्यांनीच वापरली. दोरी बाहेर घसरू नये म्हणून कडेला तारेची चौकट असेल तर तिला बिकरडाइक गार्ड म्हणतात; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका लेखकाच्या टोपणनावावरून ते नाव पडले. अशा खुणा तारखेची एक बाजू बंद करतात, दुसरी उघडीच राहते. वयाबद्दल बोलताना ‘अमुक सालानंतरचे’ इतकेच म्हणायची सवय लावा.

नाव नसलेली स्टारबॅक रिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक दशके मोठ्या संख्येने बनली आणि स्वस्तात विकली गेली. इंग्लंडमध्ये ती आजही विपुल आहेत. तुमच्या लाकडी रिळाला हार्डीचे म्हणायला काडीचाही आधार नाही आणि निर्माता कधी कळेल याचीही फार आशा धरू नका. ड्रमच्या आतल्या बाजूला, पितळी पट्टीच्या खाली किंवा बैठकीच्या पोटात एखादे अक्षर किंवा आकडा ठोकलेला असू शकतो, तेवढे पाहा. आकार सहा-सात इंचांचा आणि चेकच नसलेला असता तर मी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर वापरायच्या स्कारबरो रिळाचा विचार केला असता; तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

खरा रस दुसऱ्या रिळात आहे.

‘ए. अँड एन.’ म्हणजे आर्मी अँड नेव्ही आणि ‘सी.एस.एल.’ म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी 1871 मध्ये लंडनमध्ये निघाली, अधिकाऱ्यांना घाऊक भावात सामान मिळावे म्हणून. 1891 मध्ये तिने मुंबईत दुकान काढले. काळा घोड्याजवळ महात्मा गांधी रस्त्यावर ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ आजही उभी आहे, ती त्यांचीच. तंबूपासून गळापर्यंत सगळे तिथे मिळे. आजोबांचे रीळ तिथे घेतले गेले की बदली होऊन परत निघालेल्या एखाद्या साहेबाकडून आले, हे कागद सापडल्याशिवाय सांगता येणार नाही. पण पाटबंधाऱ्यातला माणूस, धरणांचा सहवास आणि हा शिक्का, यांची जोडी अगदी स्वाभाविक आहे. आपल्या उपयोगाची गोष्ट पुढची: 1934 मध्ये या संस्थेचे नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड झाले. म्हणजे ‘सी.एस.एल.’ असलेला माल त्याआधीचा. शिल्लक साठा वर्षभर पुढे विकला गेला असेल असे धरले, तरी वरची सीमा मिळाली.

खालची सीमा पेटंट क्रमांक देतो. ब्रिटनमध्ये 1915 पर्यंत पेटंटचे क्रमांक दरवर्षी नव्याने एकपासून सुरू होत, म्हणून जुन्या वस्तूंवर क्रमांकाबरोबर साल लिहावे लागे. 1916 पासून 1,00,001 पासून पुढे अखंड मालिका सुरू झाली. तुमचा क्रमांक सहा आकडी आहे आणि त्यापुढे साल नाही, तर पेटंट 1916 किंवा नंतरचे. दोन्ही टोके जोडा: रीळ 1916 ते 1934 च्या मधले. व्यापाऱ्याचे 1890 इथेच संपले. एक अक्षर उलगडले, एक आकडा वाचला, आणि पाव शतकाहून मोठी चूक बाजूला झाली. मात्र तो आकडा पेटंटचाच आहे ना, हे भिंगाखाली पाहून घ्या. ‘आर.डी.’ अशी अक्षरे पुढे असतील तर तो नोंदणीकृत आकृतिबंधाचा क्रमांक. ती मालिका 1884 मध्ये सुरू झाली आणि तिचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. दोन्हींची गल्लत फार होते.

पुसट शिक्का वाचायला खोली अंधारी करा आणि मोबाइलचा दिवा रिळाच्या पातळीत, अगदी आडवा धरा. कोन बदलत फोटो काढा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत काहीच दिसत नाही. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवली तरी अक्षरे उठतात. खडूची भुकटी किंवा रंग भरू नका.

मग रीळ उघडा. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस हवा. घरातला जाड पेचकस खाच फाडतो आणि फाटलेली खाच ही पुढच्या गिऱ्हाइकाला दिसणारी पहिली गोष्ट असते. अडकले असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. आत पाहायचे ते असे. ‘डी’ हे अक्षर, सोबत एखादा आकडा, हा वॉल्टर डिंगलीचा माग. डिंगली मूळचा हार्डीकडचा कारागीर. त्याने अॅनिकमध्येच स्वतःचे काम सुरू केले आणि इतर दुकानांच्या नावाने उत्तम रिळे बनवली. दुकानाचा शिक्का असलेल्या, दोन महायुद्धांच्या मधल्या चांगल्या धातूच्या रिळात मी आधी हेच अक्षर शोधतो. ते सापडले तर तुमचे रीळ हार्डी नसूनही हार्डीच्या तालमीतले ठरेल.

हार्डीची स्वतःची खूण निराळी. कंपनी 1872 ची, गाव अॅनिक. फेकीसाठी त्यांचे गाजलेले रीळ सायलेक्स. ते आले 1896 मध्ये, त्याचा दुसरा अवतार 1911 मध्ये, आणि सायलेक्स मेजर 1920 च्या दशकात. म्हणजे ‘1890 चे हार्डी सायलेक्स’ असे कोणी म्हणाले तर तिथेच हसून विषय बदलावा. सायलेक्सला कडेपाशी ब्रेकचा छोटा दांडा असतो. जड चमचा (माशाला भुलवायचे धातूचे आमिष) फेकताना ड्रम दोरीपेक्षा जोरात फिरून गुंता होऊ नये म्हणून तो बेताने दाबून ठेवता येतो. खडस, म्हणजे महसीर, धरणाऱ्यांना हे रीळ आवडे, कारण प्रवाहात सुसाट पळणाऱ्या माशासाठी भरपूर दोरी मावेल असा मोठा ड्रम आणि फेकीवर ताबा, दोन्ही एकत्र मिळत. हार्डीने सहसा आपले नाव लपवले नाही. त्यांच्या रिळावर नाव, मॉडेल आणि आत ते जुळवणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. ‘राजांच्या नेमणुकीने’ अशी ओळ असेल तर राजाच्या नावावरून काळ आणखी बारीक करता येतो.

तिसरी शक्यता रेडिचची. ऑलकॉक ही 1803 पासूनची पेढी, त्यांच्या मालावर हरणाचा शिक्का. यंग ही 1884 ची, इतरांसाठी अमाप माल बनवणारी. ऑलकॉकचे एरियल हे सेंटरपिनमधले सर्वात वाखाणलेले नाव. नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सनची ती कल्पना. 1890 च्या दशकाच्या मध्यात ऑलकॉकने ते बाजारात आणले. सायकलच्या चाकासारख्या तारांवर ताणलेला ड्रम, म्हणून वजन नगण्य आणि संथ पाण्यातल्या हलक्या फ्लोटनेही तो फिरू लागतो. ड्रमच्या मध्यभागी भरीव धातू न दिसता आरे दिसत असतील तर सगळे थांबवून मला फोटो पाठवा. तारांची संख्या, भोके आहेत की नाहीत, पाठ लाकडाची, एबोनाइटची की धातूची, यावरून एरियलचे अनेक प्रकार पडतात आणि त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उन्हात राहिले की काळ्याचे तपकिरी-हिरवट होते आणि अंगठ्याने जोरात घासले की गंधकाचा वास येतो.

आपल्याकडे आणखी एक घराणे भेटते, ते कलकत्त्याच्या पितळी रिळांचे. बंगालात गळ टाकण्याचा नाद मोठा, म्हणून तिकडे नॉटिंगहॅमच्या धर्तीवर जाडजूड पितळी रिळे बनत राहिली. ती इंग्रजी म्हणून खपवली जातात. ती वाईट नव्हेत, कामाची आहेत. फक्त त्यांची वंशावळ वेगळी आहे. तुमचे रीळ हलक्या राखाडी धातूचे आहे, तेव्हा तो प्रश्न येत नाही.

जोडकाम झाले आहे का, हे तपासणे निर्मात्याच्या नावाइतकेच महत्त्वाचे. एका रिळाचा ड्रम दुसऱ्याच्या पाठीवर बसवून विकणे हा जुना धंदा आहे. ड्रम आणि पाठ दोन्हींवर आतून एकच आकडा किंवा एकच खूण असेल तर जोडी मूळची. जुन्या इंग्रजी रिळांत बारीक स्क्रू सहसा बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात, मेट्रिक स्क्रू बसत असेल तर कोणीतरी नंतर आटे पाडले आहेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो निश्चित नंतरचा, कारण तशा स्क्रूंचा प्रसार 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर झाला. बैठकीची टोके कानशीने घासून बारीक केलेली असतील तर ते आजोबांनीच, नव्या काठीच्या कड्यात बसावी म्हणून केले असण्याची शक्यता आहे. किंमत घटते, पण रीळ वापरात होते याचा तो पुरावाही आहे.

ड्रमला टिचकी मारून तो किती वेळ फिरतो, याचे व्हिडिओ लोक अभिमानाने दाखवतात. मला त्यात अर्थ वाटत नाही. वाळलेले ग्रीस असलेले उत्कृष्ट रीळ दहा सेकंदांत थांबते आणि आजचे स्वस्त बेअरिंगचे रीळ मिनिटभर फिरते. त्यापेक्षा ड्रम हळू फिरवत कडेतली फट पाहा. ती सगळीकडे सारखी राहिली तर पिन सरळ आहे. फट कमी-जास्त होत असेल तर रीळ कधीतरी दगडावर पडले आहे.

मोजमाप व्हर्नियरने घ्या आणि इंचांत लिहा, कारण जुने कॅटलॉग इंचांत बोलतात. ड्रमचा व्यास मुठी सोडून, दोन कडांमधली आतली रुंदी, बैठकीची लांबी, वजन. पाठ, तोंड, आतली बाजू, चेकची जीभ, बैठकीचे पोट, एवढे फोटो हवेत.

हे हातात आले की शोध घरबसल्या होतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या मोफत संकेतस्थळावर ‘जीबी’ लावून तुमचा क्रमांक टाका. मूळ पेटंटाचे रेखाचित्र बहुधा मिळेल, त्यावर अर्जदाराचे नाव असेल, आणि निर्मात्याचा सर्वात सरळ माग तोच. मी तुमच्या जागी असतो तर आज रात्री एवढेच एक काम केले असते. आकृतिबंधाच्या नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. जुन्या पेढ्यांची माहिती ग्रेसेस गाइडवर, इंग्लंडमधल्या दुकानांचे पत्ते लेस्टर विद्यापीठाने स्कॅन केलेल्या जुन्या डिरेक्टऱ्यांत, आणि आपल्याकडच्या दुकानांचे थॅकरच्या इंडियन डिरेक्टरीत. दुकान कुठल्या वर्षी कुठल्या रस्त्यावर होते हे कळले की पत्ता असलेल्या शिक्क्याचे वय आपोआप निघते. हार्डी आणि ऑलकॉक यांचे वार्षिक कॅटलॉग पुन्हा छापले गेले आहेत. त्यांतली चित्रे बारकाईने पाहा, पण चित्र छापायचा एकच ठसा वर्षानुवर्षे वापरत, हे लक्षात ठेवा. रेडिचमधल्या फोर्ज मिल नीडल म्युझियममध्ये त्या गावच्या गळ-सामानाचा संग्रह आहे. किमतीसाठी फक्त लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहा. विक्रेत्याने लावलेली किंमत ही त्याची इच्छा असते.

मुठींबाबत एक काळजी. शिंग असेल तर लांबट तंतू दिसतील आणि कडेला किडीने खाल्ल्याच्या खुणा असू शकतात. पांढऱ्या-पिवळसर मुठी बहुतेक वेळा आयव्हरीनच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या. त्यांच्यातल्या रेषा सरळ आणि एकसारख्या. आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांचे जाळे दिसले तर तो हस्तिदंत, आणि मग वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. तो विकायचा विचार सोडा. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटते.

परदेशी पाठवण्याचे. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, गतकाळातली कला-कारागिरी दाखवणारी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ती मुळात इंग्लंडमध्ये बनली, हा युक्तिवाद कुरिअर खिडकीवर कामाचा नाही. लाकडी रीळ ती मर्यादा ओलांडलेले असू शकते आणि धातूचे नेमके सीमेवर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र आधी घ्या, गिऱ्हाइकाशी बोलणी नंतर. देशातल्या देशात विकायला ही अडचण नाही आणि पुण्या-मुंबईत घेणारे आहेत.

ठेवायचीच असतील तर जुनी दोरी काढून टाका, कारण ओलसर सुती किंवा रेशमी दोरीखाली धातू खात जातो. मऊ कापडाने पुसा, पिनेवर शिलाई मशीनचे दोन थेंब तेल द्या. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसते. लाकडी रीळ उन्हात वाळवू नका आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. धातूच्या रिळाची फट सगळीकडे सारखी निघाली आणि चेकची जीभ शाबूत असली, तर नवी दोरी भरून ते खुशाल पाण्यावर न्या. पवईसारख्या संथ पाण्यात रोहू-कटल्यासाठी ते आजही पुरून उरेल. काठीच्या कड्यात बैठक बसत नसेल तर मात्र कानस न उचलता कडे मोठे बसवून घ्या.